विषय क्रमांक चौदा

घरातल्या माणसाचं नाव रेशनकार्डावर चढवायला तुम्ही कधी अख्ख्या गावाची परवानगी मागितली आहे का? सून आली, नाव चढवलं. नातू झाला, चढवलं. म्हातारी गेली तरी दोन वर्षं तिचं नाव तसंच ठेवून तिच्या वाट्याचे गहू उचलले. तेव्हा कचेरीच्या खिडकीतनं कुणी विचारलं नाही, की ही तुमची कोण लागते आणि गावाला चालतंय का. मग रंगुबाईला का विचारलं?

उत्तर लगेच सुचत नसेल तर आधी रंगुबाई कोण ते ऐका.

कडेगावकडनं येणाऱ्या एका रस्त्यावर, ऊसपट्ट्यातल्या एका गावात, एसटी थांब्याच्या मागं पत्र्याचं दुकान आहे. गावाचं नाव सांगत नाही आणि तालुकाही सांगत नाही. सांगितला तर खिडकीवरचा कारकून ओळखू येईल, आणि दोष त्या एकट्याचा नाही. दुकानाला पाटी नाही. ज्याची विहिरीवरची मोटार जळली त्याला ते डोळे झाकूनही सापडतं, कारण दहा पावलांवरनं वार्निशचा वास येतो. आत रंगुबाई बसलेली असते. वय चोपन्न, लुगड्यावर बापाचा जुना शर्ट, कानावर पेन्सिल. जळक्या मोटारीतलं काळं पडलेलं तांबं उपसायचं, खाचा खरवडायच्या, नव्या तारेचे वेढे मोजून भरायचे, हा तिचा धंदा. बाप वारला तेव्हा दुकान आता बंद असं गावानं धरूनच चाललं होतं. तेरावं उरकलं आणि चौदाव्या दिवशी रंगुबाईनं फळ्या काढल्या. पहिलं गिऱ्हाईक दारातच घुटमळलं.

"बाईनं बांधलेली मोटार चालंल का?"

"मोटारीला इचार," रंगुबाई म्हणाली. "ती काय बोलली न्हाई तर मला इचार."

ती मोटार सात वर्षं चालली.

शाळेत पोषण आहार शिजवायला आष्ट्याची राजेश्वरी आली, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तिनं दुकानामागची खोली भाड्यानं घेतली. पहिल्या महिन्यात दोघींच्या मधे एक भिंत होती आणि दोन चुली होत्या. दुसऱ्या महिन्यात चूल एकच राहिली. दिवाळीच्या आत भिंतीला दार पडलं. रंगुबाईनं स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन पाडलं. विटा उचलताना राजेश्वरी म्हणाली होती, "लोक काय म्हणतील?" रंगुबाई म्हणाली, "म्हणतील, भिंत नीट फोडाय येत न्हाई हिला."

गाव आंधळं नव्हतं. दुकान बंद दिसलं की माणसं सरळ शाळेच्या स्वयंपाकखोलीशी जायची आणि राजेश्वरीला सांगायची, "तुमच्या रंगूअक्काला निरोप द्या, मोटार धूर सोडतीया." तुमच्या. कुणी शिकवलं नव्हतं, तोंडात आपोआप बसलं होतं. गावाचा आणि ह्या दोघींचा एक न लिहिलेला करार होता: तुम्ही बोलायचं नाही, आम्ही विचारायचं नाही. असल्या कराराची एक गंमत असते. त्यात एकाच बाजूनं गप्प बसायचं असतं.

गेल्या मार्चात राजेश्वरीच्या पोटात कळा सुरू झाल्या. रंगुबाईनं गाडी करून तिला सांगलीला नेलं. पित्ताशयात खडे होते. काउंटरवरची बाई म्हणाली, सरकारी योजनेत बसवायचं तर रेशनकार्ड लागेल, आणि पेशंटच्या तुम्ही कोण?

"घरची," रंगुबाई म्हणाली.

"घरची म्हणजे? आई, बहीण, नणंद?"

"घरची म्हंजी एका घरातली."

"मग नातेवाइकाला बोलवा."

राजेश्वरीचं नाव होतं भावाच्या कार्डावर, आष्ट्याला. भाऊ वीरधवल, फौजेतनं सुभेदार म्हणून उतरलेला. त्याला फोन लावला. तो पाच तासांनी आला. पाच तास राजेश्वरी बाकड्यावर पोट धरून बसली होती. तो कार्ड घेऊन आलाच नव्हता. अट घेऊन आला होता.

"कार्ड देतो. ऑपरेशन करतो, घरी नेतो, समदं करतो. पण घरी म्हंजी आष्ट्याला. परत त्या पत्र्याच्या खोलीत न्हाई जायचं."

औषधानं राजेश्वरीच्या कळा थांबल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आज टळलंय, पण वर्षाच्या आत काढावं लागेल; पुन्हा उठलं तर अवघड. ती उठली, चपला घातल्या आणि रंगुबाईनं केलेल्या गाडीत जाऊन बसली.

म्हणजे प्रश्न एवढाच होता. वर्षाच्या आत राजेश्वरीचं नाव रंगुबाईच्या कार्डावर यायला हवं. नाही आलं तर एक तर ऑपरेशन नाही, नाही तर घर नाही.

रंगुबाई सातवी शिकलेली. पण मोटारीवरच्या पट्टीवरचं इंग्रजी वाचून वाचून तिला कागदाची भीती उरलेली नाही. तिनं मोबाइलवर शोधलं. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, दोन बायका किंवा दोन पुरुष आपल्या मर्जीनं एकमेकांचे झाले तर तो गुन्हा नाही. २०२३ साली त्याच कोर्टानं सांगितलं, लग्नाचा हक्क मात्र आम्ही देऊ शकत नाही, ते सरकारनं बघावं. आणि २०२४ साली केंद्रानं राज्यांना कळवलं, की अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरचे माना. हे शेवटचं तिनं दोनदा वाचलं. मग दुकानाच्या फळ्या लावल्या आणि त्याची प्रत काढायला गेली.

तालुक्याच्या कचेरीत, पुरवठ्याच्या खिडकीवर कारकुनानं प्रत उलटसुलट करून पाहिली.

"आमच्याकडं असलं काही आलेलं नाही."

"आता आलं की. मी आणलं."

"मावशी, नातं काय लिहू? इथं सून आहे, मुलगी आहे, बहीण आहे." तो जरा पुढं वाकला. माणूस वाईट नव्हता. "बहीण लिहा आणि मोकळ्या व्हा. कोण बघतंय."

राजेश्वरी शेजारीच उभी होती. तिनं रंगुबाईचा शर्ट ओढला. "लिव की बहीण. काय बिघडतंय?"

"आज बहीण लिवली, तर उद्या हेच सायेब म्हणतील खोटं लिवून दिलं, कार्ड रद्द," रंगुबाई म्हणाली. "आन् तुझा भाऊ म्हणंल, माझ्या बहिणीला दुसरी बहीण कुठनं आली? खोटं लिवून मला तुझ्यासंगं ऱ्हायाचं न्हाई."

कारकून वैतागला. "मग असं करा, गावचा ठराव आणा. दोघी एक कुटुंब म्हणून राहता, असा ग्रामसभेचा ठराव. मग बघू." बोलून तो हसला. कुठलं गाव असला ठराव देतंय?

ह्या ठरावाची कायद्यात काही गरज नव्हती आणि रंगुबाईला ते ठाऊक होतं. पण रस्त्यावरच्या दुकानात वाढलेल्या माणसाला एक कळतं: समोरच्यानं तोंडानं टाकलेली अट कागदावर आणली की ती त्याच्याच गळ्यात पडते. "ह्याच अर्जावर लिवून द्या," ती म्हणाली. त्यानं लिहिलं. ग्रामसभेचा ठराव जोडावा. खाली सही.

गावचा ग्रामसेवक सौमित्र, वाईचा पोरगेला माणूस, नोकरीला दोन वर्षं झालेला. त्यानं अर्ज वाचला आणि त्याचे कान लाल झाले.

"ऐनवेळच्या विषयात घेऊ का?"

"ऐनवेळी कशाला, भाऊसाहेब? एकोणीस वर्सं झाली की."

त्यानं विषयपत्रिकेत घेतला. क्रमांक चौदा. सात दिवस ती नोटीस पंचायतीच्या दारावर लटकत होती. कुणीही वाचली नाही, कारण ती कुणीच कधी वाचत नाही.

आता आमच्याकडची ग्रामसभा कशी चालते ते सांगायला हवं. दोन ऑक्टोबरला सकाळी शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडतात. पुढच्या रांगेत नाथाजी बसतो, ऐंशीला टेकलेला, काठी मांडीवर आडवी. ग्रामसेवक विषय वाचतो. वाचता वाचता तो श्वास घ्यायला थांबला की नाथाजी म्हणतो, "मंजूर." त्याच्यामागं अख्खं पटांगण म्हणतं, "मंजूर." तीस वर्षं हे असंच चाललंय. विषय कुणी ऐकत नाही, नाथाजीचा आवाज ऐकतात. शिवाय सभा संपली की पोहे असतात. त्या दिवशी ते राजेश्वरीच करत होती, आणि फोडणीचा वास अकराव्या विषयालाच पटांगणात पोचला होता.

"विषय क्रमांक तेरा, देवळामागील गटार दुरुस्ती."

"मंजूर."

"विषय क्रमांक चौदा," सौमित्र खाली मान घालून, एका दमात वाचत सुटला, "श्रीमती रंगुबाई व श्रीमती राजेश्वरी या एकोणीस वर्षांपासून एका घरात, एका चुलीवर, परस्परांच्या जोडीदार म्हणून एक कुटुंब करून राहत असल्याचा दाखला देणे."

"मंजूर," नाथाजी म्हणाला.

"मंजूर," गाव म्हणालं.

"विषय क्रमांक पंधरा, स्मशानाच्या रस्त्याला दिवे."

"मंजूर."

झालं. स्वयंपाकखोलीच्या दारात राजेश्वरी उलथनं घेऊन उभी होती. तिनं डोळ्यांनी खूण केली: चल, गप घरी चल. रंगुबाई उठलीच होती. आणि तेवढ्यात मागच्या रांगेत कुणीतरी विचारलं, "चौदावं काय हुतं रं?"

"गटारच असंल अजून एक."

चारपाच जण हसले.

रंगुबाईच्या डोक्यात तिडीक गेली. एकोणीस वर्षं. दोन चुलींची एक केलेली, भिंतीला दार पाडलेलं, पाच तास बाकड्यावर काढलेले. आणि हे गटारात गेलं, पोह्यांच्या वासावर. तिनं राजेश्वरीकडं पाहिलं. राजेश्वरी मान हलवत होती, नको, नको.

"भाऊसाहेब," रंगुबाई म्हणाली, "चौदावा इषय परत वाचा. दमानं."

सरपंच लालासाहेब खुर्चीतनं अर्धा उठला. "अक्का, झालाय की मंजूर. बसा आता. पोहं गार व्हायल्यात."

"हूं द्या गार. गावानं काय मंजूर केलंय ते गावाला कळू द्या."

सौमित्रनं वाचलं. ह्या वेळी प्रत्येक शब्द सुटा. वाचून झाल्यावर कुणीच मंजूर म्हणालं नाही.

"जोडीदार म्हंजी काय?" एकानं विचारलं. "नवरा-बायकू म्हंजी?"

"नवरा दोघींतबी कुणी न्हाई," रंगुबाई म्हणाली. "म्हणून तर घर चाललंय."

बायकांच्या रांगेत हसू फुटलं आणि पदराआड गेलं. लालासाहेब हसला नाही. त्यानं आवाज खाली घेतला, समजुतीचा केला. "अक्का, गावानं तुमाला कवा तरास दिलाय का? बहिणीगत राहताय, राव्हा की. कागदावर कशाला आणायचं?"

"बहिणीगत राहत न्हाई. आन् कागदावर न्हाई म्हणून ती मार्चात सांगलीला पाच तास कळा काढत बसली. तुमची बायकू पाच मिनटं तरी बसली असती का, सरपंच?"

रंगुबाईनं शर्टाच्या खिशातनं एक जाड पुठ्ठा काढला. मोटारीच्या खाचांत घालायचा कागद कापायला माप म्हणून ती जुन्या लग्नपत्रिका वापरते. जाड असतात, वाकत नाहीत. ही एका बाजूनं कापलेली होती आणि तिला वार्निशचा वास येत होता.

"ही तुमच्या पोराच्या लग्नाची पत्रिका. वर पेनानं तुमीच लिवलंय. वाचा."

लालासाहेबानं वाचलं नाही. तिनं ती सौमित्रपुढं धरली. त्यानं सरपंचाकडं पाहिलं, मग पत्रिकेकडं, आणि वाचलं. "श्रीमती रंगुबाई व राजेश्वरी, सहकुटुंब सहपरिवार."

"आमाला दोन पत्रिका दिल्या न्हाईत," रंगुबाई म्हणाली. "एक दिली. दोघींचा मिळून एकच आहेर घेतलासा, दुसरा कुठाय म्हणून इचारलं न्हाई. एका पंगतीत शेजारी शेजारी पानं वाढली. दुकानात असल्या चाळीस पत्रिका पडल्यात, हितं बसलेल्या समद्यांच्या. समद्यांवर सहकुटुंब. जेवाय बोलवताना आमी एक कुटुंब, आन् दाखला द्यायच्या टायमाला दोन व्हय?"

मागनं कुणीतरी ओरडलं, "मंजूर चुकून म्हणलो. रद्द करा."

लालासाहेबाला वाट सापडली. "नाथातात्या, ह्याचं सूचक तुमी हाय. तुमी मागं घ्या, मिटलं."

"मी कवा सूचक झालो?" नाथाजी दचकला.

"तात्या, पहिल्यापासून प्रत्येक ठरावाला सूचक म्हणून तुमचंच नाव असतं," सौमित्र म्हणाला. "तुम्हीच आधी बोलता ना."

पटांगण हसलं. नाथाजी हसला नाही. त्यानं काठी टेकली, उठला. उठायला वेळ लागला, तेवढा वेळ सगळे थांबले.

"हा मागं घेतला, तर बाकीचं?"

"बाकीचं राहू द्या."

"कसं राहू द्या? तेबी मी ऐकलेलं न्हाई. तीस वर्सांत एकबी ऐकलं न्हाई. लालासाहेब, तुझ्या घरामागची पाण्याची टाकी ह्याच तोंडानं मंजूर झाली. ह्या तोंडातनं निघालेलं एक चुकून धरलं, तर टाकीबी चुकूनच बांधलीया म्हणावं लागंल."

मग तो रंगुबाईकडं वळला. "माझी मोटार तू किती टायमाला बांधलीस गं?"

"चारदा."

"मळ्यातल्या हिरीत मोटार सोडताना भाकरी घिऊन कोण यायचं?"

"तीच."

"मलाबी घालायची." म्हातारा खाली बसला. "ऱ्हाऊ दे तसाच."

लालासाहेबानं हात वर करायला सांगितले. पहिले हात बायकांच्या रांगेतनं आले, बचत गटाच्या. मग पुढनं, मधनं. सगळे नाहीत, पण ठराव टिकण्यापुरते. काही जण चपला शोधत निघून गेले, पोहे न खाता. अकरा जण म्हणाले, आमचा विरोध लिहा. "लिवा," रंगुबाई म्हणाली, "नावासकट लिवा. पुढच्या टायमाला त्यांची मोटार जळली की मला बगाय बरं पडंल." बांधणार तर ती होतीच. पण जरा घाबरू देत.

स्वयंपाकखोलीत राजेश्वरीनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मिळालेलं घालवाय निघाली हुतीस."

"चोरून मिळालेलं हुतं ते."

"पोट माझं हाय, रंगू. तुझ्या मानापायी माझं पोट पणाला लावलंस, मला न इचारता."

रंगुबाई ताटल्या पुसत उभी राहिली. राजेश्वरीनं पोहे वाढले, सगळ्यांना वाढले, विरोधवाल्यांतले चौघं मागं रेंगाळले होते त्यांनाही. त्यांच्या ताटलीत मिरच्या जास्त होत्या, पण ते तिनं मुद्दाम केलं असं कुणी सिद्ध करू शकत नाही.

पुढच्या सोमवारी खिडकीवर ठराव ठेवला तेव्हा कारकुनानं तो शिक्क्यापर्यंत वाचला. "मावशी, मी ते सहज म्हणालो होतो."

"मी सहज आणला न्हाई."

नात्याच्या रकान्यात निवडायला तसा शब्दच नव्हता. तिनं तो अर्जावर पेनानं लिहिला, जोडीदार, आणि पोचपावतीवरही लिहून घेतला. कारकून म्हणाला, आधीच्या कार्डातनं नाव कमी केल्याचा दाखला लागेल. म्हणजे आधी तिकडची दोरी सोडायची, मग इकडची मिळते का बघायची. ह्या वेळी रंगुबाईनं आधी राजेश्वरीकडं पाहिलं: तूच ठरव.

राजेश्वरीनं त्याच आठवड्यात जाऊन स्वतःच्या सहीनं आपलं नाव कमी करून घेतलं. परतीच्या एसटीतच वीरधवलचा फोन आला. शेजारी बसलेल्या रंगुबाईलाही ऐकू जात होता.

"नाव काढलंस. आता कुठं जाशील?"

"जायचं कुठं, दादा? हाय तितंच हाय. तुझं कार्ड तुलाच लखलाभ."

हे लिहितोय तेव्हा राजेश्वरी देशातल्या कुठल्याच रेशनकार्डावर नाही. अर्ज "मार्गदर्शनासाठी वर" गेलाय. वर म्हणजे कुठं ते खिडकी सांगत नाही. डॉक्टरांनी दिलेलं वर्ष मार्चात संपतं. रंगुबाई दर सोमवारी दुकानाच्या फळ्या लावून कचेरीत जाते, पोचपावती दाखवते, आणि उत्तर लिहून मागते. राजेश्वरी आता बरोबर असते. शर्ट ओढत नाही. उलट परवा तीच कारकुनाला म्हणाली, "तुमी बहीण लिवा म्हणला हुता. तुमच्या बायकोच्या नावाम्होरं लिवा की."

आता तुमच्याकडं. एका खिडकीवर एकच बाई विचारत राहिली तर कारकून हसतो. दहा तालुक्यांत दहा माणसांनी तोच प्रश्न विचारला तर वर फोन जातो. म्हणून येत्या सोमवारी तुमच्या तालुक्याच्या कचेरीत जा. पुरवठ्याच्या खिडकीवर उभे राहा आणि विचारा: जोडीदारांना एका घरचे मानायचं केंद्रानं कळवलंय, ते तुमच्याकडं आलंय का? आलं असेल तर प्रत मागा, नसेल तर नाही म्हणून लिहून मागा. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.